रेषेतला माणूस

काळ्या कागदातून कात्रीने एक आकृती कापून काढली आहे, अशी कल्पना करा. तिला डोळे नाहीत, रंग नाही, अंगावर दागिना नाही. आहे ती केवळ बाहेरची कडा. मोठे पोट, सुपासारखे कान आणि एका अंगाला वळलेली सोंड. ही आकृती कोणाची, हे आपल्या घरातले तीन वर्षांचे मूलही सांगेल. मूर्ती कोणत्या शतकातली आहे, कोणत्या प्रांतातली आहे, हे सांगण्यास जाणकार लागतो. ती गणपतीची आहे हे सांगण्यास कोणीच लागत नाही. दगडात, शाडूत, पितळेत, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात अवघ्या दोन फटकाऱ्यांत, अशी असंख्य हातांनी ती काढली, तरी तिची ओळख पुसली गेली नाही.

ज्या कलेविषयी आज बोलावयाचे आहे तिचे मर्म या एका उदाहरणात सामावले आहे. कथेसाठी, व्यंगचित्रासाठी किंवा चलच्चित्रासाठी एखादे पात्र कल्पावयाचे आणि त्याला असे रूप द्यावयाचे, की ते शंभर वेळा, शंभर निरनिराळ्या प्रसंगांत काढले तरी तेच राहावे, या कामाला कलाशाळांतून 'कॅरेक्टर डिझाइन' म्हणतात. आपण त्याला पात्ररेखन म्हणू. व्यक्तिचित्र आणि पात्ररेखन यांत फरक आहे. व्यक्तिचित्र काढणारा चित्रकार समोर बसलेल्या माणसाचा एक क्षण पकडतो आणि त्याचे काम तेथे संपते. पात्ररेखकाचे काम तेथे सुरू होते. त्याचा माणूस उद्या धावणार आहे, परवा रडणार आहे, कधी पाठमोरा उभा राहणार आहे. आणि या साऱ्या अवस्थांत वाचकाने त्याला जुन्या परिचिताप्रमाणे ओळखले पाहिजे.

उपयोजित चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून आज अशा पात्रांच्या वह्याच्या वह्या भरून घेतल्या जातात. त्या वह्यांत केवळ चित्रे नसतात. प्रत्येक पात्राच्या कडेला बारीक अक्षरांत विचार लिहिलेले असतात : हा माणूस असा का उभा आहे, याचा सदरा ढगळ का, ही बाई बोलताना हात मागे का बांधते. पाहणाऱ्याला चित्र दिसते, विचार दिसत नाही. तो विचार कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी आपण एक विद्यार्थिनी कल्पू आणि तिला दिल्लीच्या पहाडगंजात राहावयास पाठवू.

पहाडगंजच का, असे कोणी विचारील. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेच्या दाराने बाहेर पडले की आपण पहाडगंजात पाऊल टाकतो. पूर्वेकडचे दार अजमेरी गेटकडे उघडते, म्हणजे जुन्या शहराकडे. पश्चिमेकडचे या वस्तीकडे. मोगल काळात नगराच्या तटाबाहेरची ही एक बाजारपेठ होती. 1926 च्या सुमारास तिच्या कडेला स्थानक उभे राहिले, 1947 च्या फाळणीनंतर निर्वासितांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, आणि 1970 च्या आगेमागे पाठीवर पिशव्या घेऊन हिंडणारे परदेशी प्रवासी येथल्या स्वस्त निवासांत उतरू लागले. मुख्य बाजाराच्या अरुंद रस्त्यावर आज सायकलरिक्षा, उदबत्त्यांची दुकाने, छोले-भटुऱ्यांच्या कढया, चामड्याच्या पिशव्या आणि निवासांच्या एकावर एक चढलेल्या पाट्या यांची एकच दाटी असते. आपल्याला जवळची गोष्ट अशी, की याच पहाडगंजाच्या आरामबाग भागात नूतन मराठी विद्यालय आहे आणि बृहन्महाराष्ट्र भवनही आहे. पुण्याहून किंवा नागपुराहून परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी किंवा काही कामासाठी दिल्लीस आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी राजधानीतली पहिली रात्र याच परिसरात काढली आहे.

अशा ठिकाणी राहणाऱ्या चित्रकाराला विषयाचा तुटवडा पडत नाही. त्याची अडचण उलट असते. समोरून इतकी माणसे जात असतात, की एकही माणूस नीट दिसत नाही. मग डोळा दमतो आणि मन आपल्या साठवणीतले तयार साचे पुढे करू लागते. हमाल म्हटला की लाल सदरा आणि वाकलेली पाठ. परदेशी प्रवासी म्हटला की जटा आणि झोळी. मराठी आजी म्हटली की नऊवारी आणि नथ. चित्र दोन मिनिटांत होते, पाहणारा चटकन ओळखतो, आणि चित्रकाराला वाटते की पात्र जमले. वस्तुतः जमलेले असते ते चिन्ह. चिन्ह ओळखण्यापुरते असते. त्याच्याबरोबर दोन पानांपलीकडे जाता येत नाही.

गर्दीतून माणूस कसा निवडावा, याचा फार सुंदर धडा आर. के. लक्ष्मण यांच्या 'कॉमन मॅन'च्या जन्मकथेत आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 1951 मध्ये लक्ष्मण यांनी रोजचे छोटे व्यंगचित्र सुरू केले. सामान्य भारतीय जनता दाखवावयाची म्हणून आरंभी ते चित्राच्या पार्श्वभूमीवर माणसांचा घोळका काढीत. निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या पेहरावांचे लोक त्यात असत. पण वर्तमानपत्राला वेळेचे बंधन असते. रोज इतकी माणसे काढणे जमेना, तसतसा घोळका विरळ होत गेला. एक एक माणूस गळत शेवटी एकच उरला : डोक्यावर टक्कल आणि कडेला केसांचे झुबके, नाकावर चष्मा, खाली मिशी, अंगात चौकड्यांचा कोट आणि कमरेला धोतर. तो कोणत्या प्रांताचा हे सांगता येत नाही. तो कधी बोलतही नाही. मंत्र्यांच्या बैठकीत, खड्डा पडलेल्या रस्त्यावर, पूर आलेल्या गावात तो नुसता हजर असतो. बोलणारे पात्र एका बाजूचे होते. मुका साक्षीदार सर्वांचा होतो. ज्याला तोंड उघडू दिले नाही त्याच पात्राला लोकांनी आपला प्रतिनिधी मानले आणि पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या आवारात 2001 मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. अर्कचित्रांच्या देशात एका काल्पनिक, निनावी माणसाचा पुतळा व्हावा, ही त्या मोजक्या रेषांची केवढी थोरवी!

आता पहाडगंजातल्या आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. समजा, तिने पहिले पात्र म्हणून स्थानकावरचा हमाल निवडला. वहीच्या पहिल्या पानावर ती जे काढील ते आपणही काढू : ओझ्याखाली वाकलेला, मान खाली घातलेला, कष्टी माणूस. या चित्रात करुणा आहे आणि हेतूही चांगला आहे. पण त्यात एक चूक आहे, आणि ती चूक स्थानकाच्या पुलावर अर्धा तास उभे राहिल्याशिवाय सापडत नाही. डोक्यावर ओझे घेतलेला माणूस मान वाकवीत नाही. त्याला ती वाकवताच येत नाही. फडक्याची गुंडाळी करून तो तिची चुंबळ डोक्यावर ठेवतो, तिच्यावर एक पेटी, तिच्यावर दुसरी. आणि मग ते सारे वजन मानेच्या मणक्यांतून सरळ खाली उतरावे म्हणून मान खांबासारखी ताठ ठेवतो. मान तिरकी झाली तर ओझे पडेल. त्याची नजर समोर असते, पावले आखूड आणि जलद पडतात, डोके स्थिर राहते आणि सारी हालचाल कमरेखाली चालते. त्याच्या मागून धापा टाकीत, अंग वाकवून धावत येतो तो पेटीचा मालक!

हे एकदा ध्यानात आले की वहीचे दुसरे पान निराळे होते. आता हमालाची आकृती म्हणजे एक उभी, ताठ रेषा आणि तिच्यावर एक आडवा ठोकळा. त्याच्या शेजारी प्रवाशाची आकृती म्हणजे प्रश्नचिन्हासारखी वाकडी रेषा. दोघांत मान कोणाची ताठ आहे, हे चित्र न बोलता सांगते. पहिल्या पानावरच्या चित्राने आपल्याला हमालाची कीव करावयास लावली असती. दुसरे चित्र त्याचे कसब दाखवते, आणि कष्टही लपवीत नाही. पात्रामागचा विचार म्हणतात तो हा. तो चित्रकाराच्या डोक्यातून निघून कागदावर उतरला असे पुष्कळदा वाटते. प्रत्यक्षात तो पुलावर दिसलेला असतो.

याच हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो आणि त्यावर एक क्रमांक. तो बिल्ला म्हणजे काम करण्याचा परवाना. बापाकडून मुलाकडे बिल्ला गेल्याची उदाहरणे या धंद्यात सर्रास आढळतात. 'कुली' या 1983 च्या हिंदी चित्रपटात नायकाच्या बिल्ल्यावरचा 786 हा आकडा साऱ्या देशाच्या लक्षात राहिला, तो एका लहान वस्तूने पात्राला ओळख मिळते म्हणूनच. पुढे 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी 'कुली' हा शब्द टाकून 'सहायक' हे नाव दिले. नाव बदलले, पण त्याहून मोठा बदल प्रवाशांच्या पेट्यांना चाके लागल्याने आणि स्थानकांवर सरकते जिने आल्याने झाला. डोक्यावरचे ओझे जमिनीवर उतरले आणि त्याबरोबर मजुरीही घटली. आजचा हमाल काढावयाचा तर हेही चित्रात यावे लागते : एक पेटी डोक्यावर, दुसरी हाताने ओढलेली, आणि गाडीच्या दाराशी उभा राहून चाके नसलेल्या सामानाची वाट पाहणारी ती सरळ नजर.

विचार ठरला तरी पात्र अजून तयार होत नाही. त्याला काही कसोट्यांतून जावे लागते. पहिली कसोटी आपण गणपतीच्या आकृतीत पाहिली; तिला छायेची कसोटी म्हणू. आकृती संपूर्ण काळी भरावी आणि तरीही ती ओळखता येते का ते पाहावे. दोन पात्रांच्या काळ्या आकृत्या सारख्या दिसू लागल्या, तर कपड्यांचे रंग बदलून उपयोग नाही. मूळ बांधाच बदलला पाहिजे. वॉल्ट डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी 1928 मध्ये पडद्यावर आणलेला मिकी माउस जवळजवळ सगळा वर्तुळांचा होता. वर्तुळ भरभर काढता येते, ही त्यामागची व्यावहारिक सोय. आणि ते दोन गोल कान कोठूनही ओळखू येतात, हा तिचा लाभ.

दुसरी कसोटी प्रमाणाची. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात की प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. शूर नायक दाखवावयाचा तर ती आठपट करतात. गमतीचे किंवा बालसुलभ पात्र हवे असेल तर तीनचार पटींवर आणतात. हे पाश्चात्य शिक्षण असे आपण समजतो. पण आपल्या शिल्पशास्त्रात हाच हिशेब 'ताल' या मापाने केलेला आहे. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी. थोर देवतांच्या मूर्ती नवतालात किंवा दशतालात घडवाव्या, गणपती पंचतालात घडवावा, असे मूर्तिकार मानीत आले. गणपती आपल्याला इतका आपला, इतका लडिवाळ का वाटतो, याच्या अनेक कारणांपैकी एक या मापात आहे. मूल जितके लहान तितके त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे. आणि तसा बांधा दिसला की पाहणाऱ्याच्या मनात वात्सल्य जागे होते.

तिसरी कसोटी पुनरावृत्तीची. पात्र समोरून, बाजूने, पाऊण वळलेले आणि पाठमोरे असे एका तक्त्यावर काढावे लागते. त्याखाली हसणे, रागावणे, घाबरणे, कंटाळणे अशा मुद्रा. चलच्चित्राच्या कारखान्यात एकाच पात्रावर अनेक हात काम करतात, तेव्हा हा तक्ता सर्वांचा आधार असतो. आपल्याकडे ही शिस्त नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने जतन केलेल्या चित्रकथी परंपरेत रामायण-महाभारतातल्या कथा चित्रांचे एक एक पान पुढे करीत गाऊन सांगतात. पोथीतल्या प्रत्येक पानावर प्रसंग बदलतो. परंतु मुकुट, आयुध आणि पेहराव यांवरून राम तो राम आणि रावण तो रावण, हे श्रोत्याला कळत राहते. 2021 मध्ये याच गावच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ही परंपरा पुष्कळांना नव्याने ठाऊक झाली.

या तिन्ही कसोट्यांतून उतरलेले पात्र चांगले दिसेल. ते जगेल असे मात्र नाही. जगण्यासाठी पात्रात काहीतरी अंतर्विरोध लागतो, आणि तो रूपातच दिसावा लागतो. 'टिंकल' या मुलांच्या नियतकालिकात वसंत हळबे यांच्या कुंचल्यातून उतरलेला शिकारी शंभू आठवा. भली मोठी मिशी, हातात बंदूक, आणि डोक्यावरची टोपी इतकी खाली ओढलेली की डोळे कधी दिसतच नाहीत. हा शिकारी मुळात भित्रा आहे. त्याच्या हातून होणारे पराक्रम योगायोगाने घडतात. भय डोळ्यांत दिसते. म्हणून चित्रकाराने डोळेच झाकून टाकले. गावकऱ्यांना टोपीखाली धैर्य दिसते, वाचकाला घाबरगुंडी दिसते, आणि विनोद त्या दोहोंच्या मधल्या जागेत होतो. एका टोपीने जे साधले ते चार संवादांनी साधले नसते.

दिल्लीच्याच भूमीवर जन्मलेले दुसरे उदाहरण चाचा चौधरीचे. त्याचे जनक प्राण यांचा जन्म 1938 मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या कसूर गावी झाला. 1960 मध्ये त्यांनी दिल्लीच्या 'मिलाप' या दैनिकात 'डाबू' ही चित्रमाला सुरू केली, आणि पुढे 'लोटपोट' या हिंदी बालनियतकालिकातून चाचा चौधरी घरोघर गेला. त्या काळी चित्रकथांतले नायक बहुधा परदेशी असत; पिळदार शरीराचे, मुखवटे घातलेले. प्राण यांनी त्यांच्यासमोर एक किडकिडीत म्हातारा उभा केला : लाल पगडी, पांढरी मिशी, जाकीट आणि हातात काठी. त्याचे बळ बुद्धीत. आणि बुद्धी चित्रात दाखवणे महाकठीण, म्हणून त्याच्या शेजारी गुरू ग्रहावरून आलेला राक्षसी देहाचा साबू दिला. दोघांच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्या की आज्ञा कोण करतो आणि ओझे कोण उचलतो हे मुलाला लगेच कळते, आणि देहाच्या आकारावरून माणसाचे मोठेपण मोजू नये हेही कळते. घरातल्या शहाण्या काकाला नायक करण्याची ही कल्पना आज साधी वाटते. ती प्रथम सुचावयास मात्र आपल्या घराकडे पाहण्याची सवय लागते.

मराठीत या सवयीचे उत्तम फळ म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये तो अवतरला. त्यात पराक्रम नाही, जादू नाही; मध्यमवर्गीय घर, वाडीतले मित्र आणि त्यांचे लहानसहान डावपेच आहेत. त्यातल्या एका उंच, किरकोळ मुलाचे नाव बगळ्या. मुले एकमेकांना नावे ठेवतात ती देहाची बाह्यरेषा पाहूनच. म्हणजे छायेची कसोटी त्यांना शिकवावी लागत नाही. त्याआधीच्या पिढीत, 1925 मध्ये जन्मलेल्या शि. द. फडणीस यांनी शब्दावाचून हसवणारी माणसे काढली आणि गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांना नेऊन बसवले. त्यांच्या चित्राला भाषांतर लागत नाही, कारण विनोद माणसाच्या वागण्यात असतो आणि वागणे सर्व प्रांतांत दिसते.

याच मुद्द्यावर आपल्या विद्यार्थिनीचे दुसरे पात्र पारखून पाहू. ते आहे आरामबागेत राहणाऱ्या मराठी आजीचे. नऊवारी आणि नथ हा साचा हाताशी आहेच. पण चाळीस-पन्नास वर्षे दिल्लीत काढलेली बाई जानेवारीच्या सकाळी भाजी घ्यावयास निघते तेव्हा कशी दिसते? पाचवारी पातळावर लोकरीचा स्वेटर, त्यावर शाल, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. मोज्यातून चपलेचा अंगठा नीट पकडता येत नाही म्हणून तिची चाल किंचित घसटत चालल्यासारखी. भाजीवाल्याशी ती हिंदीत घासाघीस करते, हिशेब मात्र मनातल्या मनात मराठीत करते, आणि गवारीच्या शेंगा एक एक निवडताना तिच्या भिवया उंचावतात. या आजीला नथ घालावी लागत नाही. मोज्यावरची ती चप्पल पाहून बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर किंवा दिल्ली येथे वाढलेला मराठी माणूस आपल्या घरची आजी ओळखील. आणि मुंबईच्या श्रोत्याला, महाराष्ट्राबाहेर मराठीपण कसे पेहराव बदलून राहते, हे त्यातून समजेल.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. पात्ररेखन हे अतिशयोक्तीवर चालते. नाक असेल त्याहून मोठे, पोट असेल त्याहून गोल केल्याशिवाय पात्र लक्षात राहत नाही. मग अतिशयोक्ती आणि अपमान यांची सीमा कोठे? एखाद्या जातीचा, प्रांताचा, धंद्याचा माणूस वारंवार एकाच प्रकारे काढला गेला, की पाहणाऱ्या मुलाच्या मनात तो तसाच पक्का होतो. चित्रातला हमाल नेहमी दीन, चित्रातला दुकानदार नेहमी लबाड, चित्रातली मोलकरीण नेहमी वेंधळी. हे मूल मोठे होऊन स्थानकावर उतरते, तेव्हा समोरच्या माणसाआधी त्याला ते चित्र दिसते. शब्दाशी वाद घालता येतो. लहानपणी पाहिलेल्या चित्राशी वाद घालणे फार अवघड असते. म्हणून पात्ररेखकाच्या हातातली सत्ता तो समजतो त्याहून मोठी असते.

माझ्या मते ही सीमा ठरवण्याचा एक साधा मार्ग आहे. जे अंग फुगवावयाचे ते माणसाच्या कृतीतून आलेले आहे, की पाहणाऱ्याच्या ग्रहातून, एवढे विचारावे. हमालाची मान दुप्पट लांब आणि ताठ काढली, तर ती अतिशयोक्ती त्याच्या कामातून आली आहे. ती त्याला शोभते. आजीच्या भिवया कपाळाच्या वर गेलेल्या दाखवल्या, तर ती तिच्या चोखंदळपणाची खूण आहे. परंतु केवळ तो गरीब आहे म्हणून त्याचे तोंड बावळट काढले, किंवा परदेशी आहे म्हणून प्रत्येक प्रवासी झिंगलेला काढला, तर ती रेषा त्यांच्याविषयी काहीच सांगत नाही. काढणाऱ्याविषयी मात्र पुष्कळ सांगते.

आज हे विचारणे अधिक निकडीचे झाले आहे. चार शब्द लिहिले की क्षणात चित्र तयार करून देणारी संगणकीय साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. ती साधने आधी काढल्या गेलेल्या असंख्य चित्रांवर पोसलेली असतात. त्यामुळे 'हमाल' हा शब्द दिला, की पूर्वीच्या साऱ्या हमालांचा मिळून झालेला एक गुळगुळीत हमाल समोर येण्याचा संभव फार. हाताचे कौशल्य यंत्र उसने देईल. पण मान ताठ असते हे पाहण्यासाठी पुलावर उभे राहण्याचे काम ते करणार नाही. साधनांचा उपयोग करू नये, असे कोणी म्हणणार नाही. चित्रकारांनी प्रत्येक काळात नवी साधने वापरलीच आहेत. मात्र साधन जितके जलद, तितका त्याच्या मागचा डोळा सावकाश असावयास हवा.

म्हणून वही पुरी झाल्यावर शिक्षकांच्या गुणांखेरीज आणखी एक परीक्षा विद्यार्थ्याने आपण होऊन द्यावी. ज्याच्यावरून पात्र सुचले, त्याच्यासमोर ते पान उघडून धरावे. पाहणारा त्यात आपल्याला ओळखतो का? ओळखून हसतो का? की ओशाळून नजर फिरवतो? फलाटावर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बिल्लेवाल्याला ते चित्र दाखवावे आणि तो काय म्हणतो ते ऐकावे. चुंबळ चुकली असेल, तर ती कशी बांधतात हे तो स्वतः बांधून दाखवील. ती मग पुन्हा काढावी.